पंधरा वर्षांचा आगाऊ दाखला

खासगी मोटारीच्या आरसीवर नोंदणीची मुदत छापलेली असते. मार्च २०१८मध्ये नाशिकच्या आरटीओत नोंदल्या गेलेल्या, एमएच-१५ क्रमांकाच्या गाडीची ही मुदत मार्च २०३३पर्यंत असते. आणि तोच क्रमांक केंद्र सरकारच्या 'वाहन' प्रणालीत टाकून पाहिला, तर फिटनेसची मुदत म्हणूनही हीच तारीख समोर येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. म्हणजे गाडी रस्त्यावर येण्याच्या दिवशीच, पुढे तिला कोण चालवणार, किती चालवणार, तिचे किती अपघात होणार, यांतले काहीही ठाऊक नसताना, तिच्या पंधराव्या वर्षापर्यंतच्या सुस्थितीची ग्वाही शासनाने देऊन टाकलेली असते. कुटुंबाची जुनी गाडी नियमित तपासणीत किती भरवशाने पास होते, हा प्रश्न काही देशांत रोज विचारला जातो आणि त्याचे उत्तर आकड्यांत मिळते. आपल्याकडे ते मिळू शकत नाही, कारण पहिली पंधरा वर्षे खासगी गाडी या परीक्षेला बसतच नाही.

माझे म्हणणे असे आहे की ठरावीक वयानंतर खासगी गाड्यांची नियमित तांत्रिक तपासणी सुरू झाली पाहिजे, आणि तिचा संपूर्ण निकाल गाडीच्या क्रमांकावरून कोणालाही विनामूल्य वाचता आला पाहिजे. यांतला दुसरा भाग मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. निकाल उघड होणार नसेल, तर नुसत्या तपासणीचा आग्रह मी धरणार नाही. कारण मग आणखी एक कागद, आणखी एक रांग आणि आणखी एक एजंट यांपलीकडे नागरिकांच्या हाती काही पडणार नाही.

आजची विसंगती समजण्यासाठी नाशिक रोड स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांकडे पाहणे पुरेसे आहे. तिथे पिवळ्या पाटीची डिझायर किंवा अर्टिगा त्र्यंबकेश्वरच्या आणि शिर्डीच्या भाड्यासाठी उभी असते, आणि तिच्याच शेजारी त्याच वर्षी, त्याच कारखान्यातून निघालेली, पांढऱ्या पाटीची तशीच गाडी घरच्या माणसांना घ्यायला आलेली असते. पिवळ्या पाटीच्या गाडीला केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी पासिंग करून फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. पांढऱ्या पाटीच्या गाडीला यांतले काहीच लागू नाही. व्यावसायिक गाडी अधिक धावते, तिच्यात अनोळखी प्रवासी बसतात, म्हणून तिच्यावर अधिक कडक नजर असावी हे योग्यच आहे. परंतु एकीकडे वर्षाला एक तपासणी आणि दुसरीकडे पंधरा वर्षांत शून्य, हा फरक धावण्यातल्या फरकाने समजावून सांगता येत नाही. दहा वर्षांच्या गाडीचा रबरी ब्रेकपाइप पाटीचा रंग पाहून चिरत नाही.

पंधरा वर्षांच्या या काळात खासगी गाडी सहसा एकाच घरात राहत नाही. ती एकदा, कधी दोनदा-तीनदा विकली जाते. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात नव्या गाड्यांपेक्षा जुन्या गाड्यांचे व्यवहार अधिक होऊ लागले आहेत, आणि नाशिकसारख्या शहरात, जिथे सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला पगारदार, निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार आणि सिडकोतला छोटा व्यावसायिक हे सारेच पहिली गाडी बहुधा जुनी घेतात, तिथे हा बाजार फार मोठा आहे. अशा व्यवहारात नाव बदलण्यासाठी अर्ज क्रमांक २९ आणि ३० भरले जातात. विमा, पीयूसी (प्रदूषण-तपासणीचा दाखला), कर्जाचा बोजा, चासी क्रमांक हे सर्व पाहिले जाते. गाडीचे ब्रेक कोणी पाहत नाही. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना अधिकृत करण्याचे नियम केंद्राने डिसेंबर २०२२मध्ये काढले आणि ते १ एप्रिल २०२३पासून लागू झाले, ही चांगली गोष्ट झाली. पण त्यांचा सारा भर गाडी विक्रेत्याच्या ताब्यात असताना जबाबदारी कोणाची, यावर आहे. तिच्या यांत्रिक स्थितीचा तटस्थ अहवाल खरेदीदाराच्या हाती पडावा, अशी सक्ती त्यांत नाही.

मग खरेदीदार कशावर विसंबतो? 'सिंगल ओनर आहे, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल आहे, कंपनीत सर्व्हिसिंग झालेली आहे' या विक्रेत्याच्या शब्दांवर. सोबत नेलेल्या ओळखीच्या मेकॅनिकच्या अर्ध्या तासाच्या पाहणीवर. मीटरवरच्या किलोमीटरवर, जे मागे फिरवता येतात हे सर्वांना ठाऊक आहे. जुन्या गाड्या घेणाऱ्या मोठ्या कंपन्या गाडीची बारकाईने पाहणी करतात, पण ती मुळात स्वतः किती किंमत द्यायची हे ठरवण्यासाठी असते. विम्याचा नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) गाडीचा नसून मालकाचा असतो. विक्रीनंतर तो मालकाबरोबर निघून जातो, त्यामुळे या गाडीवर पूर्वी किती मोठे दावे झाले होते याचा माग नव्या मालकाला सहजी लागत नाही. जी माणसे गाडीबद्दल सर्वांत जास्त जाणतात, म्हणजे जुना मालक, त्याचा गॅरेजवाला आणि विमा कंपनी, त्यांपैकी कोणावरही ती माहिती पुढे देण्याचे बंधन नाही.

याचा पहिला फटका खरेदीदाराला बसतो हे उघड आहे, पण नीट विचार केला तर प्रामाणिक विक्रेत्याचे नुकसानही त्याहून कमी नाही. वेळेवर तेल बदलणारा, चाकाला धरून ठेवणारा झिजलेला लोअर आर्म वेळीच बदलून घेणारा, चांगले टायर घालणारा मालक गाडी विकायला काढतो तेव्हा त्याला बाजारात तीच किंमत सांगितली जाते, जी त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या हेळसांड झालेल्या गाडीला सांगितली जाते. कारण दोघांतला फरक सिद्ध करणारा कोणताही विश्वासार्ह पुरावा नसतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली हेच जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडले होते: माहिती एकाच बाजूला असेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. पुढे २००१ साली त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे हा विचार होता. आपल्याकडे त्याचा परिणाम असा होतो की गाडी विकायची ठरली की शेवटचे वर्षभर तिच्यावर खर्च न करणे आणि विक्रीपूर्वी फक्त पॉलिश, सीटकव्हर आणि डेन्टिंग-पेंटिंग करणे, हेच शहाणपणाचे ठरते.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न कसा सुटला हे पाहण्यासारखे आहे. तिथे १९६० साली एमओटी या नावाने तपासणी सुरू झाली तेव्हा ती फक्त दहा वर्षांहून जुन्या वाहनांसाठी होती. १९६७पर्यंत ती वयोमर्यादा तीन वर्षांवर आली. आज तिथे तीन वर्षांहून जुन्या मोटारीला दर वर्षी ही तपासणी करून घ्यावी लागते. परंतु मला त्यांच्याकडून घ्यावीशी वाटते ती गोष्ट वेगळी आहे. तिथे गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की तिच्या गेल्या अनेक वर्षांच्या तपासण्यांचा इतिहास दिसतो: कोणत्या तारखेला गाडी गेली, त्या दिवशी मीटरवर किती मैल होते, पास झाली की नापास, नापास कशामुळे झाली, आणि पास झाली असली तरी 'पुढच्या डाव्या टायरची झीज मर्यादेजवळ आली आहे' यांसारख्या कोणत्या सूचना दिल्या होत्या. मे २०१८पासून दोषांची किरकोळ, मोठे आणि धोकादायक अशी प्रतवारीही केली जाते. मीटर मागे फिरवणाऱ्याची तिथे लगेच पंचाईत होते, कारण मागच्या वर्षीचा आकडा सर्वांसमोर असतो. एवढ्या एका नोंदीने जे साधते, ते आपल्याकडे फसवणुकीच्या शंभर तक्रारींनी साधत नाही.

तिथली आणखी एक गोष्ट इथल्या वाचकाला कदाचित आश्चर्याची वाटेल. इतकी वर्षे तपासणी चालू असूनही तिथल्या मोटारींपैकी दहांत सुमारे तीन पहिल्या फेरीत नापास होतात. कारणे बहुतांशी साधी असतात: दिवे, टायर, ब्रेक, सस्पेन्शन, वायपर. यांतली बरीच दुरुस्ती दोन-चार दिवसांत, फारसा खर्च न करता होते आणि गाडी पुन्हा पास होते. म्हणजे नापास होणे ही तिथे गाडीची अब्रू जाणे नसते आणि भंगाराचा हुकूमही नसतो; 'हे एवढे करून आणा' असे सांगणे असते. पण सांगितले नसते तर त्या दहांतल्या तीन गाड्या तशाच धावत राहिल्या असत्या. आपल्याकडे त्या धावत आहेत, आणि इथे तर तपासणीची सवयच नसल्यामुळे हे प्रमाण दहात तीनवरच थांबत असेल असे मानायला काही आधार नाही.

जर्मनीत नवी मोटार तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी तपासली जाते. तिथल्या ट्यूव्ह या तपासणी संस्थांच्या लाखो नोंदींवरून दर वर्षी मॉडेलवार अहवाल निघतो, आणि कोणत्या वयोगटात कोणत्या मॉडेलच्या किती टक्के गाड्यांत गंभीर दोष आढळले हे त्यात छापलेले असते. जुनी गाडी घेणारा माणूस तो पाहतो, आणि कंपन्याही आपले स्थान कुठे आहे ते डोळ्यांत तेल घालून पाहतात. मात्र हे आकडे वाचायला शिकावे लागते. एखाद्या मॉडेलच्या गाड्या कमी नापास होत असतील तर ते मॉडेल भक्कम आहे, असे लगेच म्हणता येत नाही. ते बहुधा निवृत्त, सावकाश चालवणारी माणसे घेत असतील. त्या गाड्या वर्षाला कमी धावत असतील. किंवा त्या महाग असल्यामुळे त्यांची देखभाल अधिकृत केंद्रातच होत असेल. उलट एखादे मॉडेल टॅक्सीसाठी आवडते असेल तर त्याच्या वाट्याला अधिक किलोमीटर आणि अधिक दोष येतील. म्हणूनच वय आणि किलोमीटर यांच्याशिवाय दिलेला पास-नापासाचा आकडा दिशाभूल करू शकतो, आणि मॉडेलच्या सरासरीपेक्षा समोरच्या एका गाडीचा इतिहास खरेदीदाराला कितीतरी अधिक सांगतो.

पास होणे म्हणजे नेमके काय, याविषयीही गैरसमज नसावा. एमओटीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अंतर्गत स्थिती तपासली जात नाही. गाडी तपासणीत उत्तम गुणांनी पास होऊन दुसऱ्या आठवड्यात क्लचप्लेटसाठी गॅरेजात जाऊ शकते. त्याचप्रमाणे गाडी तिच्या काळातल्या नियमांप्रमाणे तपासली जाते. आपल्याकडे सर्व नव्या मोटारींना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९पासून आणि चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९पासून बंधनकारक झाली. त्याआधीच्या अनेक स्वस्त गाड्यांत दोन्ही नाहीत, आणि कितीही कडक तपासणी आणली तरी त्या गाड्या त्यांच्याशिवायच पास होतील. तपासणी एवढेच सांगते की त्या दिवशी ही गाडी थांबते, वळते, दिसते आणि तिचा धूर मर्यादेत आहे. एवढेच कळले तरी ते आजच्या तुलनेत पुष्कळ आहे.

नाशिकच्या गाड्यांच्या बाबतीत तर हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण इथून कुठेही निघाले तरी घाट लागतो. मुंबईला जाताना कसारा, धुळ्याकडे जाताना चांदवडजवळचा राहुड, देवीला जाताना सप्तशृंगगड. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता हळूहळू शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. पाच-सात वर्षे तेच ऑइल असलेली, पाच माणसे आणि सामानाने भरलेली गाडी घाट उतरताना सतत ब्रेकवर राहिली की ते ऑइल उकळून त्यात वाफ धरते आणि पेडल पोकळ लागते. सपाट रस्त्यावर शहरात रोज चालवणाऱ्याला हा दोष कधीच जाणवत नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात चार महिने खड्ड्यांतून फिरलेल्या गाडीचे बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड, म्हणजे चाकांचे आणि स्टीअरिंगचे सांधे, सैल होतात, आणि त्यांचा आवाज म्युझिक सिस्टीमखाली दबून जातो. जी गाडी कमी चालते तिचे टायर झिजत नाहीत पण वयाने कडक होतात. टायरच्या बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष लिहिलेले असते, पण गाडी घेताना ते वाचणारे खरेदीदार मोजकेच आढळतात. रोलरवरच्या चाचणीत डाव्या-उजव्या चाकाच्या ब्रेकच्या ताकदीतला फरक नेमका मोजला जातो, तपासणी केंद्रातल्या इतर यंत्रांवर सांध्यांतला ढिलेपणा कळतो, समोरच्याचे डोळे दिपवणारा हेडलाइट सापडतो. ब्रेक ऑइलचे जुनेपण मात्र रोलरवर दिसत नाही. त्यासाठी ऑइलमधला पाण्याचा अंश मोजणारे साधे उपकरण वापरावे लागेल, आणि आपल्या घाटांचा विचार करता ती चाचणी आपण आपल्या नियमांत घातली पाहिजे.

गाडीच्या स्थितीचा जिवाशी संबंध आहे हे शासनाला मान्य नाही असेही नाही. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यानंतर टायर फुटून अपघात होऊ लागले तेव्हा २०२३मध्ये परिवहन विभागाने महामार्गाच्या प्रवेशावर टायर तपासायला सुरुवात केली आणि घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्यात हा नियम त्याच्या पुष्कळ आधीपासून पुस्तकात होता. तो पाळला जात आहे की नाही हे पाहण्याची कोणतीही नियमित व्यवस्था खासगी गाडीसाठी नव्हती, म्हणून ती व्यवस्था टोलनाक्यावर उभी करावी लागली. त्याच गाड्या त्याच टायरांवर जुन्या मुंबई-आग्रा महामार्गाने जाऊ शकतात.

या मागणीवरचा सर्वांत प्रामाणिक आक्षेप पीयूसीकडे बोट दाखवतो. बीएस-४ आणि बीएस-६ या प्रदूषण-मानकांच्या गाड्यांना दर वर्षी आणि त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी पीयूसी घ्यावी लागते. आणि पेट्रोलपंपाच्या कडेला उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये ती कधीकधी गाडीच्या धुराड्यात नळी न घालताही मिळते, हे नाशिकमध्ये कोणाला सांगावे लागत नाही. व्यावसायिक वाहनांच्या पासिंगचा इतिहासही फार उजळ नाही. पासिंगपुरते टायर बदलून आणण्याची पद्धत सर्वश्रुत आहे. श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली आरटीओंना ब्रेक-चाचणीसाठी २५० मीटर लांबीचे मार्ग तयार करायला लावले, कारण तोवर अनेक ठिकाणी पुरेशी चाचणी न होताच प्रमाणपत्रे दिली जात होती. मग हीच यंत्रणा लाखो खासगी गाड्यांच्या मागे लावायची का, हा प्रश्न रास्त आहे.

त्याचे उत्तर मी दोन गोष्टींत शोधतो. पहिली यंत्रांची. सप्टेंबर २०२१मध्ये केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम अधिसूचित केले. त्यांत चाचणीचे आकडे यंत्रातून थेट संगणकात जावेत अशी रचना आहे, आणि केंद्र चालवणाऱ्याने दुरुस्तीचा किंवा सुट्या भागांच्या विक्रीचा व्यवसाय तिथे करू नये अशी अट आहे. ब्रिटनमध्ये तपासणारा आणि दुरुस्त करणारा बहुधा एकच गॅरेजवाला असतो. त्या मानाने आपला नियम अधिक चांगला आहे. अवजड वाहनांसाठी या केंद्रांची सक्ती आधी १ एप्रिल २०२३पासून होणार होती, नंतर ती १ ऑक्टोबर २०२४पर्यंत पुढे ढकलली गेली, ही दिरंगाई खेदजनक आहे. परंतु दिशा योग्य आहे. नाशिकला तर हे नवे नाही. देशात अशा केंद्रांचे जे पहिले प्रयोग झाले त्यांत नाशिकचे केंद्र होते. या शहरात महिंद्राचा मोटार कारखाना आहे, बॉशचा डिझेल इंजेक्शनच्या भागांचा कारखाना आहे, आयटीआयतून निघणारे फिटर आणि मोटार मेकॅनिक आहेत. तपासणी केंद्रांना लागणारे कुशल हात इथे बाहेरून आणावे लागणार नाहीत.

दुसरी गोष्ट निकाल उघड असण्याची, आणि ती यंत्रांपेक्षा प्रभावी आहे. पीयूसी खोटी निघू शकते याचे मोठे कारण असे की ती खोटी असल्याने तिच्या धारकाचे काही बिघडत नाही आणि ती वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला तिच्यात रस नसतो. गाडीच्या क्रमांकावर तपासणीचे आकडे, किलोमीटर, छायाचित्र आणि केंद्राचे नाव कायमचे दिसणार असतील, तर पुढचा खरेदीदार, त्याचा मेकॅनिक, विमा कंपनी आणि कर्ज देणारी बँक हे सगळे त्या निकालाचे तपासनीस होतात. फेब्रुवारीत पास झालेल्या गाडीचा टाय रॉड मार्चमध्ये निखळलेला आढळला, तर कोणत्या केंद्राने तो पास केला हे त्या क्षणी कळेल. एखादे केंद्र शंभर टक्के गाड्या पास करत असेल तर तेही सर्वांना दिसेल. लाच दाराआड घेता येते. दहा वर्षे सर्वांसमोर राहणाऱ्या नोंदीत ती लपवणे फार अवघड आहे.

तपासणीने अपघात कमी होतात का, हा वेगळा आणि कठीण प्रश्न आहे, आणि त्याला बगल देणे बरोबर होणार नाही. नॉर्वेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की तपासणीमुळे गाड्यांतले तांत्रिक दोष स्पष्टपणे कमी झाले, पण अपघातांचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने १ जानेवारी २०२५पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंदच केली. बहुतेक अपघात चालकाच्या चुकीने आणि रस्त्याच्या रचनेमुळे होतात, हे खरेच आहे. २०२२मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतली बहुसंख्य तपासणीने वाचली असती असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु नॉर्वे काय किंवा टेक्सास काय, तिथे गाड्यांची सरासरी स्थिती आधीच बरी होती, आणि तरीही दोष कमी झाले हे त्या अभ्यासाला मान्य आहे. शिवाय माझ्या मागणीचा मुख्य आधार अपघातांचा आकडा नाही. आयुष्यभराच्या बचतीतून तीन-चार लाख रुपये घालून घेतलेली वस्तू नेमकी कोणत्या अवस्थेत आहे हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग असला पाहिजे, हा तो आधार आहे, आणि नॉर्वेच्या निष्कर्षाने त्याला बाधा येत नाही.

स्थिती मोजायची नाही असे ठरवले की शासनाच्या हाती फक्त वय उरते, आणि आपली सारी धोरणे आज वयावरच उभी आहेत. दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मज्जाव केला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला दुजोरा दिला (२०२५मध्ये त्याच न्यायालयाने या बंदीत सूट दिली). मग तिथल्या गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. पंधरा वर्षांच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. गंगापूर रोडवर महिन्याला दोनशे किलोमीटर चालणारी, नीट राखलेली सोळा वर्षांची गाडी आणि तितक्याच वयाची, ऑइल जाळत निळा धूर सोडणारी गाडी या धोरणाला सारख्याच दिसतात. उलट सात वर्षांत अडीच लाख किलोमीटर पिळून काढलेली गाडी त्याला दिसतच नाही.

खर्चाचा आणि अंतराचा प्रश्न राहतो, आणि तो सुरगाणा, पेठ किंवा नांदगावच्या माणसासाठी खरा आहे. जपानमधली तपासणी इतकी महाग पडते की लोक पुरत्या न झिजलेल्या गाड्या विकून मोकळे होतात. तसे इथे होता कामा नये. म्हणून शुल्क कमी असावे, तालुक्यांसाठी ठरावीक दिवशी फिरते तपासणी पथक असावे, आणि नापास गाडी जप्त न करता दुरुस्तीसाठी मुदत द्यावी. फक्त धोकादायक दोष असेल तरच ती जागेवर थांबवावी. खासगी गाड्यांना आठव्या वर्षापासून दर दोन वर्षांनी तपासणी लावावी, व्यावसायिक गाड्यांप्रमाणे दर वर्षी नको. त्याआधी विकल्या जाणाऱ्या गाडीला मालकी हस्तांतरणाच्या अर्जासोबत तीन महिन्यांच्या आतला तपासणी अहवाल जोडणे बंधनकारक करावे. तो खर्च विक्रेता आणि खरेदीदार आपसांत वाटून घेतील, आणि व्यवहाराच्या रकमेपुढे तो नगण्य असेल.

यांतल्या बहुतेक गोष्टींसाठी केंद्राला कायदा आणि नियम बदलावे लागतील आणि त्याला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र परिवहन विभागाला लगेच करता येण्यासारखी आहे. पिवळ्या पाटीच्या डिझायर, अर्टिगा, बोलेरो आणि वॅगन-आर यांच्या तपासण्या आजही होत आहेत, आणि हीच मॉडेले घरोघरी पांढऱ्या पाटीवर आहेत. या तपासण्यांत कोणत्या वयाच्या, किती किलोमीटर धावलेल्या, कोणत्या मॉडेलच्या किती गाड्या पहिल्या फेरीत नापास झाल्या आणि कशामुळे, हे मालकांची नावे वगळून जिल्हावार आणि केंद्रवार दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करावे, आणि पिवळ्या पाटीच्या गाडीचा आजवरचा तपासणी-इतिहास तिच्या क्रमांकावर खुला करावा, म्हणजे अशी गाडी पुढे खासगी पाटीवर बदलून विकली गेली तरी तो तिच्याबरोबर राहील. त्यासाठी नवे यंत्र किंवा नवी इमारत लागत नाही. जिथे स्वयंचलित केंद्र चालू आहे तिथे हे आकडे संगणकात आधीच साठलेले आहेत.